मानलेल्या भावांचं घराणं

योकोझुना, रिकिशी, उमागा, रॉक, रोमन रेन्स... कुणी जपानी, कुणी जंगली, कुणी हॉलिवूड स्टार. पण मुखवटे उतरवले, की सगळे एकाच घरातले! रेसलिंगच्या सर्वात मोठ्या सामोअन खानदानाची ही गोष्ट.

नव्वदच्या दशकात शाळेत असाल, तर तुमच्या दप्तरात डब्ल्यूडब्ल्यूएफची ट्रम्प कार्ड्स नक्की असणार. मधल्या सुट्टीत हातात योकोझुना आला की टेन्शन खल्लास. 'वजन' म्हणायचं आणि समोरच्याचं पान खिशात घालायचं! सुमोची गाठ, जपानचा झेंडा, पाचशे पौंडांच्या वरचं धूड. हा माणूस जपानी नाही, अशी शंकासुद्धा आपल्याला कधी आली नाही.

तर ऐका. योकोझुनाचं खरं नाव रॉडनी अनोआई. जन्म सॅन फ्रान्सिस्कोचा, रक्त सामोअन. आणि ज्या रिकिशीच्या नाचावर आपण खिदळायचो तो त्याचा चुलत-मावस गोतावळ्यातला भाऊ. उमागाही त्यातलाच, रोमन रेन्सही त्यातलाच आणि रॉकसुद्धा!

'पण ते सगळं खोटं असतं ना?' हा प्रश्न आता जुना झाला. निकाल आधी ठरलेले असतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण पाठीवर आपटणं खरं असतं, मोडलेले गुडघे खरे असतात. आणि या खानदानाच्या बाबतीत तर खरं-खोटं इतकं एकमेकांत मिसळलंय, की कुठलं कुठे संपतं ते सांगणं कठीण.

एक शपथ, दोन कुटुंबं

सामोआ म्हणजे दक्षिण पॅसिफिकमधली चिमुकली बेटं. त्यांचेही दोन भाग. पश्चिमेकडचा सामोआ १९६२ मध्ये स्वतंत्र झाला, तर पूर्वेकडचा अमेरिकन सामोआ १९०० पासून अमेरिकेच्या ताब्यात आहे. चांगल्या आयुष्याच्या शोधात कितीतरी कुटुंबं हवाई आणि कॅलिफोर्नियाला गेली. तिथे अंगापिंडानं मजबूत सामोअन पोरासाठी उघडी असलेली दारं मोजकीच. लष्कर, अमेरिकन फुटबॉल आणि रेसलिंग.

पीटर मायविया त्यातल्या तिसऱ्या दारानं आत गेला. कमरेपासून गुडघ्यापर्यंत पारंपरिक सामोअन टॅटू, रिंगमधलं नाव 'हाय चीफ'. १९६७ च्या 'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस' या बाँडपटात तो चक्क शॉन कॉनरीशी मारामारी करताना दिसतो. हा रॉकचा आजोबा, आईचे वडील.

दुसरीकडे होतं अनोआई कुटुंब. रेव्हरंड अमितुआनाई अनोआई यांची दोन मुलं, आफा आणि सिका. पुढे यांचीच जोडी 'वाइल्ड सामोअन्स' म्हणून गाजली. आता गंमत बघा. पीटर मायविया आणि रेव्हरंड अनोआई यांच्यात रक्ताचं नातं नव्हतं. ते एकमेकांचे मानलेले भाऊ होते. बस्स, एवढ्यावर दोन घरांचं एक घर झालं. आज रॉक आणि रोमन एकमेकांना 'कझिन' म्हणतात ते या एका शपथेच्या जोरावर.

आपल्याकडे मानलेला भाऊ राखी बांधून होतो. तिथे तर त्या नात्यावर तीन-चार पिढ्यांचं करिअर उभं राहिलं!

बोलायचं नाही!

१९८० ते १९८३ या काळात आफा आणि सिका यांनी डब्ल्यूडब्ल्यूएफचं टॅग टीम टायटल तीनदा जिंकलं. पण कसं? केस पिंजारलेले, कच्चे मासे दातांनी फाडायचे आणि तोंडातून शब्द काढायचा नाही, नुसतं गुरगुरायचं. बोलायला मॅनेजर होता ना! सामोअन माणसाचं डोकं दगडाचं असतं, त्याला डोक्यावर मारून काही होत नाही, हाही त्याच काळातला रेसलिंगमधला ठरलेला 'जोक'. प्रत्यक्षात हा आफा अमेरिकेच्या मरीन कोअरमध्ये नोकरी करून आलेला गृहस्थ.

१९८३ मध्ये त्यांच्याकडून टायटल हिसकावलं ते टोनी अॅटलस आणि रॉकी जॉन्सन यांनी. डब्ल्यूडब्ल्यूएफची ही पहिली कृष्णवर्णीय चॅम्पियन जोडी. आणि रॉकी जॉन्सन कोण? पीटर मायवियाचा जावई, रॉकचा बाप. म्हणजे जावयानं सासरच्याच मंडळींना हरवून इतिहास घडवला. पण टीव्हीवर बघणाऱ्याला हे नातं माहीत असायचं काही कारणच नव्हतं.

पुढची पिढी आली, ती दुसऱ्यांचे देश अंगावर घालून. योकोझुना १९९३ मध्ये लास व्हेगासला रेसलमेनियात ब्रेट हार्टला हरवून चॅम्पियन झाला आणि काही मिनिटांतच हल्क होगननं ते टायटल घेतलं. दोन महिन्यांत त्यानं होगनला हरवून परत मिळवलं. सामोअन वंशाचा पहिला डब्ल्यूडब्ल्यूएफ चॅम्पियन! पण कागदोपत्री तो 'जपानी'. त्याच वर्षी ४ जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, न्यूयॉर्कमध्ये एका युद्धनौकेच्या डेकवर 'या परदेशी राक्षसाला उचलून आपटा' असं चॅलेंज ठेवलं गेलं आणि लेक्स लूगरनं त्याला आपटल्यावर पब्लिक येडं झालं. तो परदेशी राक्षस कॅलिफोर्नियात जन्मलेला होता, हे कुणाच्या गावीही नव्हतं.

रिकिशीची कथा तर सॉलिडच. नाव सोलोफा फाटू. १९९५ मध्ये त्याला थोडा वेळ स्वतःसारखं, सॅन फ्रान्सिस्कोच्या गल्लीत वाढलेला मुलगा म्हणून यायला मिळालं. ते चाललं नाही. मग तोंडावर मुखवटा चढवून त्याला 'सुलतान' केलं, जीभ कापलेला अरब! म्हणजे पुन्हा बोलायचं नाही. शेवटी तो गाजला तो 'रिकिशी' म्हणून, आणि रिकिशी हा शब्दही सुमो पैलवानासाठीचा जपानी शब्द.

नुसतं आडनाव चालत नाही राव

१९९७ ची रेसलमेनिया. एका कोपऱ्यात मुखवट्यातला सुलतान, दुसऱ्या कोपऱ्यात नवा कोरा 'रॉकी मायविया'. वडिलांचं नाव आणि आजोबांचं आडनाव जोडून तयार केलेला, हसरा, गुणी मुलगा. मॅच संपल्यावर त्याला वाचवायला खुद्द रॉकी जॉन्सन रिंगमध्ये आले. बाप-लेक मिळून समोरच्याला झोडपताहेत आणि मुखवट्याआड आहे घरातलाच माणूस! एकाला घराण्याचं नाव मिळालं, दुसऱ्याला तोंडही मिळालं नाही.

पण नाव मिळूनही काय झालं? पब्लिकनं रॉकी मायवियाला साफ नाकारलं. 'रॉकी सक्स'च्या घोषणांनी स्टेडियम दणाणायची. तिसऱ्या पिढीचा वारस आहे म्हणून टाळ्या वाजवायला प्रेक्षक काही कंपनीचे नोकर नव्हते. १९९७ च्या उन्हाळ्यात ड्वेन जॉन्सननं ते गोड हसू फेकून दिलं, व्हिलन झाला, पब्लिकलाच शिव्या घालायला लागला... आणि जन्माला आला 'द रॉक'.

हाच सिनेमा पुन्हा रिलीज झाला २०१५ मध्ये. सिकाचा धाकटा मुलगा रोमन रेन्स फिलाडेल्फियात रॉयल रंबल जिंकला. कंपनीनं त्याचा हात उंचावायला चक्क रॉकला आणलं. पब्लिकनं रोमनबरोबर रॉकलाही हूट केलं! फॅमिली बिझनेसमध्ये थेट केबिन मिळालेल्या प्रत्येकानं ही क्लिप एकदा बघावी. आडनावावर इंटरव्ह्यू मिळतो, प्रमोशन नाही.

घराण्याचं बिल

या ग्लॅमरचं एक बिलही आहे आणि ते या घरानं वेळोवेळी भरलंय. ज्या वजनामुळे योकोझुना विकला गेला, तेच वजन त्याच्या जिवावर उठलं. ऑक्टोबर २००० मध्ये लिव्हरपूलच्या हॉटेलात तो गेला. वय ३४. रिकिशीचा भाऊ एडी फाटू, म्हणजे आपला उमागा, २००७ मध्ये रेसलमेनियात व्हिन्स मॅकमहनच्या बाजूनं उतरला होता. समोरच्या बाजूला होते डोनाल्ड ट्रम्प! त्यातही उमागा 'सामोअन बुलडोझर'च. चेहऱ्यावर रंग आणि तोंडात शब्द नाही, २००७ मध्येसुद्धा. डिसेंबर २००९ मध्ये हृदयविकाराच्या झटक्यानं तो गेला, वय ३६. कारणांमध्ये वेदनाशामक औषधांचं मिश्रण होतं. रोमनचा मोठा भाऊ रोझी २०१७ मध्ये ४७ व्या वर्षी गेला.

त्यामुळे २२ ऑक्टोबर २०१८ ला रोमननं रिंगमध्ये येऊन माझं खरं नाव जो आहे, मला अकरा वर्षांपासून ल्युकेमिया आहे आणि तो परत आलाय, असं सांगितलं, तेव्हा त्याला वर्षानुवर्षं हूट करणारं पब्लिक सुन्न झालं. चार महिन्यांनी, फेब्रुवारी २०१९ मध्ये तो परतला.

लाल माळ

खरा ट्विस्ट आला २०२० मध्ये. लॉकडाऊन, रिकामी स्टेडियम्स, खुर्च्यांच्या जागी स्क्रीन. या शांततेत रोमन व्हिलन होऊन आला. 'ट्रायबल चीफ', घराच्या टेबलाचा कर्ता. 'मला माना!' हा त्याचा हुकूम. आणि पहिला शिकार कोण? रिकिशीचा मुलगा जे उसो, त्याचा स्वतःचा भाऊ. ऑक्टोबर २०२० मध्ये रोमननं जेच्या जुळ्या भावाचा, जिमीचा, गळा आवळला आणि भावाला वाचवण्यासाठी जेनं हार मानली. रोमन बाहेर पडला तर रॅम्पवर दोन म्हातारे उभे होते, आफा आणि सिका. त्यांनी त्याच्या गळ्यात उला फाला घातली, केवड्याच्या कुळातल्या झाडाच्या फळांपासून केलेली लाल माळ. सामोआत ती मानाच्या माणसांच्या गळ्यात असते.

ज्या दोघांना चाळीस वर्षांपूर्वी त्याच कंपनीच्या रिंगमध्ये नुसतं गुरगुरायला लावलं, ते आता घरातले वडीलधारे म्हणून उभे होते. ना कच्चे मासे, ना जपानी झेंडा. सामोअन माणूस सामोअन म्हणूनच हेडलाइन झाला.

पुढची साडेतीन वर्षं 'ब्लडलाइन' ही रेसलिंगची सगळ्यात गाजलेली फॅमिली सीरियल होती. रोमन १,३१६ दिवस चॅम्पियन राहिला. पण या रक्ताच्या गोष्टीत पब्लिकनं सगळ्यात जास्त प्रेम कुणावर केलं असेल? सामी झेनवर! सीरियन वंशाचा कॅनेडियन, या घराशी काडीचा संबंध नसलेला. २०२२ मध्ये त्याला 'मानद उसो' केलं गेलं. उसो म्हणजे सामोअन भाषेत भाऊ. अर्थात, मानलेला भाऊ! कळत-नकळत गोष्ट पुन्हा पीटर मायवियाच्या शपथेपाशी आली. जानेवारी २०२३ मध्ये रोमननं सामीला आपल्याच मित्रावर खुर्ची चालवायला सांगितलं आणि सामीनं ती रोमनच्या पाठीत घातली, तेव्हा अख्खं स्टेडियम उभं राहिलं.

मग जिमी-जेही फुटले. जुलै २०२३ मध्ये लंडनला जेनं रोमनला पिन केलं. २०१९ नंतर पहिल्यांदाच कुणाला ते जमलं होतं. एप्रिल २०२४ मध्ये फिलाडेल्फियात, जिथे त्याला हूट केलं होतं त्याच शहरात, रोमननं टायटल गमावलं. आणि एप्रिल २०२५ मध्ये जे उसो वर्ल्ड चॅम्पियन झाला. कुठे? लास व्हेगासला. योकोझुनानं जिथे पहिलं टायटल जिंकलं होतं, त्याच गावात. फरक इतकाच, की या वेळी हातात माइक होता आणि नाव भावाचं होतं.

मागून मिळत नाही

सामोआत विस्तारित कुटुंबाच्या प्रमुखाला 'मताई' म्हणतात. हा मान बापाकडून मुलाला आपोआप जात नाही. सगळं कुटुंब बसतं, चर्चा करतं आणि ठरवतं. कुणी किती सेवा केली, कुणी घराचं किती ओझं उचललं, ते बघितलं जातं. मान घरानं द्यायचा असतो, मागायचा नसतो. रोमनची गोष्ट इतकी भिडली ती यामुळेच. तो रोज 'मला माना' म्हणत राहिला आणि रोज घरातलं एकेक माणूस कमी होत गेलं.

याच्या अगदी उलट आफा. त्यानं पेनसिल्व्हेनियात ट्रेनिंग सेंटर काढलं, नात्यागोत्याबाहेरच्या पोरांनाही शिकवलं. बटिस्टा तिथलाच विद्यार्थी. २०२४ च्या जूनमध्ये सिका गेला आणि दोन महिन्यांच्या आत, ऑगस्टमध्ये आफाही गेला. रिंगमध्ये या दोघांना कधी धड बोलू दिलं नव्हतं, पण माळ कुणाच्या गळ्यात घालायची, हे शेवटी त्यांच्याच हातात आलं.

पुढच्या वेळी चॅनल बदलताना यांच्यापैकी कुणी दिसलं, तर जिंकतंय कोण हे सोडा. कोण कुणाला 'उसो' म्हणतंय, तेवढं ऐका!