बैल तिघांचा, दावण मात्र तिची

पुण्याच्या रेसकोर्सवरचे घोडे आपण फार तर सिनेमात बघतो. एकेका घोड्याचे चार-पाच मालक असतात, आणि त्याच्या आईबापांपासून पणज्यापर्यंत सगळी नावं छापील पुस्तकात सापडतात. इंग्लंडात असं वंशावळीचं पुस्तक १७९१ सालीच निघालं. आता आमच्या राळेगणसिद्धीत असले घोडे कुठून यायचे? पण शर्यतीचं जनावर वाट्यानं घ्यायचा नाद आमच्या पारनेर तालुक्यातही आहे बरं का! फक्त इथं घोड्याच्या जागी खिलार बैल असतो.

आमच्याकडे आणि शेजारच्या शिरूर, जुन्नर, आंबेगाव भागात गाड्याला चार बैल जुंपतात नि पुढे घोडी पळवतात. चढाच्या घाटात सर्वांत कमी सेकंदांत बारी मारेल तो 'घाटाचा राजा'. चारही बैल सारखे पळणारे, असं एका घरी क्वचितच जमतं. मग एकाचा एक, दुसऱ्याचा एक असे बैल एकत्र करतात, त्याला जुगलबंदी म्हणतात. आणि एकच चांगला खोंड महाग पडला, तर तिघं मिळून पैसे घालतात.

खोंड घेताना पुरुषमंडळींची चर्चा ऐकावी. माणदेशातला आहे का, आटपाडीचा की म्हसवडचा, कोसा की काजळी, वळू कुणाचा, त्याचा भाऊ कुठल्या घाटात पळाला! सारं तोंडपाठ. पण त्याची आई कोणती, हे विचारलं की गप्प. खरं तर निम्मं रक्त तिचं. शिवाय खिलार गाय दुधाला मुळातच कमी, आणि तिचं सगळं दूध खोंडाला पाजतात. कमी पडलं तर दुसऱ्या गाईचंही देतात. कालवड झाली तर मात्र एवढे लाड नाहीत. (हे वाचून कुणाला आपलं माहेर आठवलं, तर मी काय करू!)

आमच्या गावात १९७५ नंतर पाणलोटाची कामं झाली, चराईबंदी आली. जनावरं गोठ्यात बांधून, चारा आणून घालायची रीत पडली. विहिरींना पाणी आलं तसा दुधाचा धंदा वाढला. ते काम बहुतेक बायांच्याच हाती. म्हणजे संकरित गाईचं दूध डेअरीला घालून आलेले पैसे, आणि त्यातूनच बैलाची पेंड, उडीद, खारीक, अंडी. बक्षीस आलं तर तिघांत वाटून जातं. शेण मात्र एकटीनं काढायचं.

माझी एक शेजारीण म्हणाली, "बाई, बैलाचं नाव भोंग्यावर पुकारत्यात. रातच्याला त्याला पानी कोन दाखवतंय, ते कोन पुकारनार?"

तिच्या घरी हे दुखणं जुनं आहे. सर्वोच्च न्यायालयानं ७ मे २०१४ रोजी शर्यतींवर बंदी आणली. खिलार बैलांना गिऱ्हाईक राहीना. वाटेकरी एकेक करून बाजूला झाले आणि बैल राहिला हिच्या दावणीला. विकवत नाही नि पोसवत नाही! दोन वर्षं तिनं मुलीच्या क्लासचे पैसे पेंडीत घातले. मग बैल गेला, कुठं ते ती सांगत नाही. १६ डिसेंबर २०२१ ला शर्यतींना पुन्हा परवानगी मिळाली, १८ मे २०२३ ला घटनापीठानंही कायदा मान्य केला, आणि घरात पुन्हा नव्या खोंडाची बोलणी सुरू झाली. दीर, नवरा आणि नवऱ्याचा मित्र, असा तिघांचा वाटा.

शर्यत वाईट की चांगली, या वादात मी पडत नाही. चाबूक-काठी नको हा नियम झाला ते मात्र उत्तम झालं. पण ज्यांच्या घरी हा नाद आहे, त्यांनी पैसे देण्याआधी साधा कागद करून घ्यावा. बैल कुणाच्या गोठ्यात राहणार आणि खुराकाचा खर्च दरमहा कोण किती देणार? बैल लंगडला, तर डॉक्टरचं बिल कुणाचं? एखादा वाटेकरी निघाला, तर त्याचा वाटा कुठल्या भावानं घ्यायचा? शर्यती पुन्हा बंद पडल्या तर काय? विमा काढलात तर शर्यतीतली दुखापत त्यात धरली आहे का, हे नीट वाचा. आणि सांभाळणारीच्या कष्टाचा वेगळा हिस्सा आधीच लिहा. शेळी अर्धलीनं दिली तर सांभाळणाऱ्याला निम्मं मिळतंच ना?

शाळेत शिकवते म्हणून शेजारणीनं कागद माझ्याकडूनच लिहून घेतला. शेवटचं कलम तिनं स्वतः सांगितलं: बैलासोबत त्याची आईही विकत घ्यायची, आणि तिला पुढं होणारी प्रत्येक कालवड एकटीच्या, म्हणजे हिच्या मालकीची.

दिरानं लगेच सही केली. नवरा म्हणाला, "उद्या बघू." कागद अजून तिच्या डब्यात आहे, आणि खोंडाचे पैसेही.