मण्यार आणि आपले अंथरूण

साप म्हटले की फणा उगारलेला नाग डोळ्यांपुढे येतो. हिंगोली जिल्ह्यातल्या शेतकरी घरांनी मात्र मण्यारचीही नीट ओळख करून घ्यायला हवी. काळसर निळे अंग, त्यावर अरुंद पांढरे पट्टे आणि रात्रीचा वावर ही त्याची लक्षणे. उंदीर, पाली आणि लहान साप हे त्याचे भक्ष्य. सोयाबीन-ज्वारीच्या पोत्यांकडे उंदीर येतात, सरपणाच्या व पऱ्हाटीच्या ढिगात दडतात आणि त्यांच्या मागावर साप घरात शिरतो. माणसाशी त्याला काही देणेघेणे नसते. जमिनीवर झोपलेल्याचा हात नकळत त्याच्यावर पडला, तर मात्र तो चावतो.

नाग किंवा घोणस चावल्यास बहुधा वेदना होतात, सूज येते. मण्यारच्या दंशात दोन्ही जवळजवळ नसतात; खूणही क्वचितच दिसते. पहाटे पोटात दुखते, पापण्या मिटू लागतात, बोलणे अडखळते. घरच्यांना वाटते, अपचन झाले असेल.

असे का होते? मज्जातंतूच्या टोकातून ॲसिटाइलकोलीन हे रसायन सुटते, तेव्हाच स्नायू आकुंचन पावतो. मण्यारचे विष ही टोकेच निकामी करते. श्वसनाचे स्नायू थांबले की प्राण धोक्यात येतो. प्रतिसर्पविष रक्तातले विष निष्प्रभ करते, पण निकामी झालेली टोके दुरुस्त करू शकत नाही. ती पुन्हा वाढेपर्यंत, कधी कित्येक दिवस, कृत्रिम श्वासोच्छ्वास द्यावा लागतो. म्हणून लवकर रुग्णालय गाठणे महत्त्वाचे. आवळून बांधणे, कापणे, मंत्र यांत वेळ घालवू नये. दंश झालेला अवयव हलू न देता रुग्णाला न्यावे. साप मारून नेण्याची गरज नाही.

२०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सुमारे बारा लाख लोक सर्पदंशाने दगावले. त्यांतले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले होते. उपाय मात्र साधा आहे : बाजेवर झोपणे आणि मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली खोचणे. मच्छरदाणीमुळे सर्पदंश कमी होतात, हे नेपाळच्या तराईतील पाहणीत २००७ साली दिसून आले.

वर्गात मुलांना आपापल्या घराचा नकाशा काढायला सांगू या. धान्य, सरपण, उंदरांची बिळे आणि अंथरुणे त्यावर दाखवायची. यांपैकी काय कोठे हलवता येईल, ते मुलेच सांगतील.