पडदा कोणता घ्यावा?

रोहिणखेडच्या एखाद्या घरी कापूस विकून संगणक घ्यायचं ठरलं, की पडद्यावरून भांडण जुंपणारच! दादाला गेम खेळायचेत, ताईला प्रोजेक्ट लिहायचाय आणि बाबा म्हणतात, "पैसे एकदाच मिळतील." मग निवडायचं कसं?

साधा मॉनिटर सेकंदाला ६० चित्रं दाखवतो, गेमसाठीचा १४४. त्यावर पळती गाडी सलग दिसते. पण संगणकालाच तेवढी चित्रं काढता आली नाहीत, तर जादा पैसे पाण्यात! अक्षरं मात्र वेगानं नव्हे, बारीक ठिपक्यांमुळे स्पष्ट दिसतात. २४ इंची पडद्याला १९२० गुणिले १०८० ठिपके पुरतात. २७ इंचीवर तेवढेच ठिपके मोठे होतात नि अक्षर भरड दिसतं. म्हणून अभ्यास रोजचा असेल, तर आधी ठिपके बघा, मग वेग. काय, पटतंय ना ताई-दादांनो?