काठ्या निघाल्या!

जानेवारी उजाडला की सात रस्त्यावर रिक्षावाल्याला पत्ता सांगावा लागत नाही. स्टेशनकडून पिशव्या घेऊन आलेला माणूस ‘गड्डा’ एवढंच म्हणतो आणि आत बसतो. एरवी हा चौक म्हणजे नुसती पांगापांग. महापालिकेच्या बसचा डेपो इथे, शासकीय विश्रामगृह इथे, विजापूरचा रस्ता इथूनच फुटतो आणि प्रत्येकाला वेगळीकडे जायचं असतं. संक्रांत जवळ आली की मात्र हीच गर्दी रंगभवनाकडे आणि तिथून होम मैदानाकडे, सिद्धेश्वराच्या तळ्याकडे वाहू लागते.

पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट ही तीन मोठी देवस्थानं सोलापूरच्या आसपास आहेत आणि त्याचा तोटा सोलापूरलाच झाला आहे. लाखो माणसं आमच्या स्टेशनवर उतरतात, चहा घेतात, एखादी चादर नि शेंगाचटणीचा पुडा विकत घेतात आणि पुढच्या गाडीला लागतात. हे शहर थांबून पाहण्यासारखं आहे हे त्यांना कुणी सांगतच नाही. ज्यांना कुणी सांगतं, तेही गड्ड्यावर पाळण्यात बसून, भजी खाऊन परततात. गड्डा, म्हणजे होम मैदानावरची जत्रा, हे सिद्धेश्वराच्या यात्रेचं शेपूट आहे. तिचा जीव आहे सात काठ्यांमध्ये. त्यांना नंदीध्वज म्हणतात, पण घराघरांत ऐकू येतं ते ‘काठ्या निघाल्या’ एवढंच.

या काठ्यांचं मूळ बाराव्या शतकात आहे. तेव्हा या गावाचं नाव सोनलगी होतं. मुद्दण्णा आणि सुग्गव्वा यांच्या पोटी जन्मलेला सिद्धराम, म्हणजेच सिद्धेश्वर, लहानपणी गुरं राखता राखता मल्लिकार्जुनाच्या ध्यासाने श्रीशैलला गेला आणि परत येऊन त्याने या माळरानावर क्षेत्र उभं केलं, असं परंपरा सांगते. त्याने पंचक्रोशीत अडुसष्ट लिंगं स्थापली, अष्टविनायक आणि अष्टभैरव बसवले आणि माणसं जमवून तलाव खोदला. पावसाची खात्री नसलेल्या मुलखात तळं खोदणारा हा संत मला फार मोठा वाटतो. लोकांच्या तहानेची व्यवस्था करणं ही त्याला देवपूजाच वाटत होती. पुढे तो अल्लमप्रभूंच्या सोबत कल्याणला बसवेश्वरांच्या अनुभवमंटपात गेला आणि तिथल्या शून्यपीठाचा अधिपतीही झाला. ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’ या मुद्रेने त्याने लिहिलेली वचनं कानडी वाङ्मयाचा ठेवा आहेत, आणि राघवांक या कवीने तेराव्या शतकातच त्याचं चरित्र काव्यात बांधलं. आज त्याची समाधी आणि मंदिर त्याच तळ्याच्या पाण्यात आहेत आणि तळ्याला लागूनच बहामनी काळातला भुईकोट किल्ला उभा आहे.

यात्रा मात्र त्याच्या मोठेपणाची नाही, एका कुंभाराच्या मुलीची आहे. ती रोज सिद्धरामाच्या दारात सडा-रांगोळी करायची आणि तिच्या मनात त्याच्याशीच लग्न करायचं होतं. तो योगी, संसार मांडणार नव्हता. तिने हट्ट सोडला नाही. शेवटी त्याने आपल्या योगदंडाशी लग्न लावायची परवानगी दिली. हे लग्न सोलापूर दर वर्षी लावतं, आणि ही परंपरा सुमारे नऊशे वर्षांची मानली जाते. नवरदेव लाकडाचा दंड, नवरी कुंभारकन्या आणि वऱ्हाडी म्हणजे अख्खं गाव. जिला नकार मिळाला तिची बाजू एका शहराने इतकी शतकं लावून धरली आहे, आणि मला या यात्रेतली सगळ्यात हृद्य गोष्ट हीच वाटते.

लग्न म्हटलं की आधी तेल-हळद. म्हणून पहिला दिवस यण्णीमज्जनाचा, म्हणजे तैलाभिषेकाचा. उत्तर कसब्यातल्या हिरेहब्बू वाड्यातून योगदंडाची पूजा करून सातही काठ्या निघतात आणि गावभर पसरलेल्या अडुसष्ट लिंगांना तेल घालत फिरतात. ही प्रदक्षिणा पुरी व्हायला सकाळपासून रात्र होते. यातली कित्येक लिंगं आज दुकानांच्या ओळीत, बोळात, एखाद्या कार्यालयाच्या आवारात सापडतात. वर्षभर त्यांच्याकडे नजरही न टाकता जाणारी माणसं त्या दिवशी दारात पाण्याची घागर आणि हार घेऊन उभी राहतात. सोलापूरचा जुना नकाशा कागदावर शोधण्यापेक्षा या मिरवणुकीमागे एक दिवस चालावं. कुठे वेस होती, कुठवर वस्ती होती, ते पायांना समजतं.

काठी पेलणं हे एक शास्त्र आहे आणि ते नीट जवळून पाहिल्याशिवाय त्याचं मोल कळत नाही. नंदीध्वज दोन मजली घराच्या गच्चीला टेकेल एवढा उंच असतो. त्यावर कापड, खोबऱ्याचे हार, बाशिंग असा साज चढतो, त्यामुळे वजन सगळं वर जातं आणि वारा आला की शेंडा आधी हलतो. पेलणारा माणूस पांढऱ्या बाराबंदीत, धोतर आणि डोक्याला फेटा बांधलेला. त्याच्या कमरेला जाड पट्टा असतो. काठीचं बूड त्या पट्ट्यात बसवायचं, दोन्ही हात वर नेऊन काठी छातीसमोर धरायची आणि नजर शेंड्यावर ठेवायची. पायाखाली खड्डा आहे की गतिरोधक, ते तो बघत नाही, पुढे चालणारे बघतात आणि सांगतात. भार घेतात कंबर आणि मांड्या. हात फक्त तोल सावरतात. नवशिक्या नेमका इथेच चुकतो, हातांनी ओढायला जातो आणि काठी त्यालाच ओढू लागते. दमलेल्या गड्याकडून दुसरा काठी घेतो तो क्षण सर्वांत अवघड. दोघं समोरासमोर येतात, बूड एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात जातं आणि तेवढ्या वेळात काठी कुणाच्याच कमरेवर नसते. भोवतीचे सगळे श्वास रोखून बघतात.

ही विद्या शिकवायला शाळा नाही. यात्रेच्या कितीतरी दिवस आधीपासून रात्री काम आटोपून पोरं सरावाला जमतात. जुनी माणसं कठड्यावर बसून ‘शेंडा बघ, शेंडा!’ म्हणून ओरडतात. दिवसभर यंत्रमागावर, दुकानात, बँकेत राबलेला माणूस रात्री रस्त्यावर काठी पेलायचा सराव करतो, यासाठी त्याला कुणी पगार देत नाही. काठीला हात लागला याचाच त्याला मान.

आणि हा मान एका जातीकडे नाही. पहिली काठी देवस्थानची. हिरेहब्बू, देशमुख, शेटे या घराण्यांचे पूजेतले आणि विधीतले मान ठरलेले आहेत, कुंभारांचा मान तर नवरीकडचा. पुढच्या काठ्या वेगवेगळ्या समाजांकडे आहेत आणि शेवटच्या दोन मातंग समाजाकडे. गावगाड्याने जे समाज वेशीबाहेर ठेवले, त्यांच्या खांद्यावर या लग्नात वऱ्हाडाचा ध्वज आहे. बसवेश्वर-सिद्धरामांच्या काळातल्या समतेच्या चळवळीची ही खूण आजही रस्त्यावरून चालते. बाकीचे तीनशे साठ दिवस शहर या खुणेला किती जागतं, हा प्रश्न प्रत्येक सोलापूरकराने स्वतःला विचारावा असा आहे.

दुसरा दिवस भोगीचा, अक्षता सोहळ्याचा. माझ्या मते सोलापुरात वर्षातला एकच दिवस काढायचा असेल तर तो हा. काठ्या विजापूर वेस, पंचकट्टा असं करत दुपारी तळ्याकाठच्या संमती कट्ट्यापाशी येतात. कठड्यांवर, झाडांवर, किल्ल्याच्या बाजूला, जिथे पाय ठेवायला जागा तिथे माणूस. बायका ठेवणीतली इरकल नेसून आलेल्या, प्रत्येकाच्या मुठीत अक्षता. सुगडी पूजन होतं, मग संमती, म्हणजे या लग्नाची मंगलाष्टकं, वाचली जाते. संमतीची भाषा कानडी वळणाची. ऐकणाऱ्यांत मराठी बोलणारे, कानडी बोलणारे, पद्मशाली विणकरांच्या घरातले तेलुगू बोलणारे, सगळे असतात. अर्थ सर्वांना शब्दशः लागतोच असं नाही, पण अक्षता कुठे टाकायच्या हे पाच वर्षांच्या पोरालाही माहीत असतं. त्या क्षणी लाखभर मुठी एकदम उघडतात आणि ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’ हा पुकारा तळ्यावरून पलीकडे जातो. भाषेवरून भांडणारी गावं मी पाहिली आहेत. या गावाने एकमेकांच्या भाषा शिकून घेतल्या. सोलापूरकर भाजीवालीशी कानडीत, साडीच्या दुकानात तेलुगूत आणि घरी मराठीत बोलतो आणि त्यात त्याला काही विशेष वाटत नाही.

संक्रांतीच्या रात्री होम. बाजरीच्या पेंढीला साडी-चोळी नेसवतात, मंगळसूत्र घालतात. ती कुंभारकन्या. मग होमकुंडात अग्नी दिला जातो, कारण कथेत लग्नानंतर ती अग्निप्रवेश करते. हा विधी पाहताना आजच्या माणसाच्या मनात कालवाकालव होते आणि ती व्हायलाच हवी. मी तो दर वेळी थोडा अस्वस्थ होऊनच पाहतो. तिचं प्रेम मान्य करायला तिला जळावं लागलं, हे कथेतलं दुःख आहे, त्याचा गौरव करायचं कारण नाही. लेकीसुनांना ही गोष्ट सांगताना एवढं तरी सोबत सांगितलं पाहिजे. त्याच रात्री पहिल्या काठीला नागफणी बांधलेली असते, त्यामुळे तोल आणखी अवघड, आणि ती पेलणाऱ्याकडे सगळ्या पंचक्रोशीचं लक्ष. नंतर भाकणूक. दिवसभर उपाशी ठेवलेलं देशमुखांचं वासरू आणतात, त्याच्यापुढे धान्य, गूळ, पानसुपारी मांडतात. ते कशाला तोंड लावतं, बिचकतं की शांत राहतं, यावरून पाऊसपाण्याचा आणि बाजारभावाचा अंदाज सांगितला जातो. हवामान खात्याचे आकडे मोबाइलवर असणारा शेतकरीही थांबून ऐकतो. कोरडवाहू शेती करणाऱ्याला आशेचा जो धागा मिळेल तो हवा असतो.

किंक्रांतीला होम मैदानावर शोभेचं दारूकाम आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी कसब्यातल्या मल्लिकार्जुन मंदिरात कप्पडकळी, म्हणजे काठ्यांची वस्त्रं उतरवण्याचा विधी. तिथे लग्न संपतं.

गड्डा मात्र पुढे कितीतरी दिवस चालू राहतो. आकाशपाळणा, मौत का कुआँ, बांगड्या, खेळणी, भांडी, रात्री उशिरापर्यंत तळणाचा वास. विजापूर रस्त्यावर रेवणसिद्धेश्वर मंदिराजवळ जनावरांचा बाजार भरतो आणि तिथे खिलार बैलांची जोडी बघायला कर्नाटकातूनही माणसं येतात. गड्ड्याला मी शेपूट म्हटलं, पण ते शेपूट शेकडो घरांची वर्षाची मीठ-मिरची भागवतं. जुनी मिल, नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू या गिरण्यांचे भोंगे एकामागून एक बंद पडले, तेव्हा या शहराच्या हातात चादर-टॉवेलचे यंत्रमाग, विड्या आणि असे बाजार एवढंच उरलं. कष्टकऱ्याच्या घरातली पोरं वर्षातून एकदा जिथे मनसोक्त फिरतात ती जागा गड्डाच. कोरोनाच्या साथीत 2021 साली गड्डा भरला नाही, विधी मोजक्या माणसांत झाले. तो जानेवारी सोलापूरकरांना अजून टोचतो.

याच दिवसांत आणखी एक तारीख येते. 12 जानेवारी 1931 या दिवशी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघा सोलापूरकरांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी झाली. त्याआधी मे 1930 मध्ये या शहरावर मार्शल लॉ लादला गेला होता. नावं नुसती वाचली तरी कळतं की वऱ्हाडासारखंच स्वातंत्र्याचं ते आंदोलनही सगळ्यांचं होतं. यात्रेला येणाऱ्यांनी पार्क चौकाजवळ थांबून त्या चार पुतळ्यांना नमस्कार करावा. दोन मिनिटांचं काम आहे.

आता महापालिकेला आणि देवस्थानाला एक विनंती. काठ्यांच्या मार्गावर लोंबणाऱ्या तारा आणि केबल यात्रेच्या तोंडावर घाईने उचलण्यापेक्षा कायमच्या जमिनीखाली न्याव्यात, आणि अडुसष्ट लिंगांच्या जागी साधी का होईना, पण तीन भाषांत माहिती देणारी पाटी लावावी. तळ्याचं पाणी स्वच्छ राहणं हे तर सगळ्यात आधी, कारण ते तळं सिद्धरामाच्या हाताचं काम आहे.

आणि बाहेरगावच्या वाचकांना एवढंच सांगणं. मुंबईहून रात्रीची गाडी आहे, तिचं नावच सिद्धेश्वर एक्सप्रेस. सकाळी सोलापूरला उतरा. भोगीच्या दिवशी दुपारच्या बरंच आधी संमती कट्ट्याजवळ जागा धरा, कारण नंतर मुंगीलाही वाट मिळत नाही. मुठीत अक्षता असू द्या. नसल्या तर शेजारची बाई आपल्यातल्या देईल.