चार वर्षांनंतरचा प्रश्न

रायपूरहून धमतरीकडे जाताना अभनपूर लागते. अशा गावांतून भरतीसाठी पहाटे धावणारी मुले पाहिली की मला त्यांच्या निवडीपेक्षा चार वर्षांनंतरच्या नोकरीची चिंता अधिक वाटते. जून 2022 मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेनुसार कमाल 25 टक्के अग्निवीरच सैन्यात कायम होतील. उरलेल्यांना सुमारे 11.71 लाख रुपयांचा सेवा निधी मिळेल, निवृत्तिवेतन नाही.

दक्षिण कोरियाने 1973 पासून निराळी वाट चोखाळली आहे. तेथे सैनिकी सेवा सक्तीची आहे; पण पात्र तरुण त्याऐवजी मान्यताप्राप्त कंपनीत तंत्रज्ञ म्हणून साधारणतः 34 महिने काम करू शकतो. स्टार्टअपना त्यातून कुशल मनुष्यबळ मिळते. मात्र मध्येच नोकरी बदलणे सोपे नसल्याने तरुण मालकाच्या मर्जीवर राहतो.

आपल्याकडे सक्ती नाही, ही जमेची बाजू. पण सैन्यात यंत्रे सांभाळलेल्या हातांची पारख नवा रायपूरमधील एखाद्या स्टार्टअपने कशी करावी? सेवेअखेरीस मिळणाऱ्या कौशल्य प्रमाणपत्राचे निकष उद्योगांशी बोलूनच ठरवायला हवेत. अन्यथा प्रशिक्षित तंत्रज्ञाच्या वाट्याला फाटकावरची रखवालीच येईल.