कारच्या सीटचा बसलेला फोम घरच्या घरी बदलताना

 

गाडीत बसलं की उजवीकडे कलल्यासारखं वाटतं? कंबर भरून येते? मग ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड बोटांनी दाबून बघा. चढता-उतरताना सगळा भार तिथेच येतो, म्हणून फोम आधी तिथेच बसतो. वरचं लेदर धड असतं, म्हणून लक्षात येत नाही.

हा फोम पॉलियुरेथेनचा. जर्मनीत ऑटो बायर यांनी 1937 साली हे रसायन शोधलं. त्यात असंख्य बारीक पोकळ्या असतात. रोजच्या दाबाने त्यांच्या भिंती तुटतात. ऊन आणि दमट हवेने फोम आणखी ठिसूळ होतो, हाताला भुकटी लागते. आमच्याकडे मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचं काय होतं, हे वेगळं सांगायला नको!

आता आधी सुरक्षेचं. सीटच्या पाठीवर बाजूला ‘एअरबॅग’ लिहिलेली पट्टी आहे का ते पाहा. असेल तर पाठीला हात लावू नका, ते काम कंपनीच्या वर्कशॉपचं. तिथली शिवण एअरबॅग उघडताना ठरलेल्या जागी फाटावी लागते. आपण हौसेने जाड दोऱ्याने शिवली, तर ऐन वेळी ती आडवी येईल. बसायच्या गादीसाठीही अशा गाडीची सीट वर्कशॉपमध्येच काढून घ्या. सीटखालची पिवळी वायर घरी ओढू नका.

एअरबॅग नसलेल्या सीटचं काम घरी जमतं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, सीटखालची वायर सोडवा, बोल्ट खोला, सीट बाहेर घ्या. कव्हर खालून लोखंडी कड्यांनी अडकवलेलं असतं. कड्या पक्कडीने कापा, पण कापण्याआधी प्रत्येक बाजूचा फोटो काढा. गादीत सेन्सरची चकती दिसली तर तिथे सुरी चालवू नका.

सगळा फोम फेकायची गरज नसते. खराब भाग पावाच्या दातेरी सुरीने सरळ रेषेत कापा. पुठ्ठ्याचा साचा करून नवा तुकडा किंचित मोठा कापा. दुकानात ‘40 डेन्सिटी’ मागा. खात्री करायची तर 10 सेंटिमीटर लांब, रुंद आणि उंच तुकडा किचनच्या काट्यावर ठेवा. वजन साधारण 40 ग्रॅम भरायला हवं. पण डेन्सिटी म्हणजे कडकपणा नव्हे. तो जुन्या चांगल्या भागाशी दाबून जुळवा.

दोन्ही बाजूंना पातळ चिकटद्रव्य लावा, ते चिकचिकीत झालं की दाबून बसवा. हे काम मोकळ्या हवेत, आगीपासून दूर करा. वाळल्यावर जाड पॉलिश पेपरने आकार द्या. लेदर थोडा वेळ उन्हात ठेवलं की मऊ होतं आणि सहज ताणलं जातं. मग नव्या कड्या लावा.

शेवटी बोल्ट. पुस्तिकेत दिलेल्या मापाने टॉर्क पान्याने आवळा. तो पाना नसेल तर गॅरेजमधून आवळून घ्या. ब्रेक लागला की आपण सीटवर असतो, आणि सीट त्या चार बोल्टांवर!

भेटू पुढच्या भागात.