एका वर्गात दोन शिक्षक

काही वर्षांपूर्वी मेळघाटात, धारणीजवळच्या एका शाळेत, पहिलीतला एक कोरकू मुलगा गुरुजींच्या साध्या प्रश्नांनाही गप्प बसलेला मी पाहिला. खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी तोच प्रश्न कोरकूत विचारला आणि तो भडाभडा बोलू लागला. मी शिक्षक नाही, भाषाशास्त्राचा पदवीधरही नाही. पण या मावशींना वर्गातच शिक्षक म्हणून उभे केले तर काय होईल, हा प्रश्न तेव्हापासून मागे लागला. असे कुणी करून पाहिले आहे का, याचा माग काढत मी वाचनातून ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीतील आदिवासी शाळांपर्यंत पोचलो.

हा प्रदेश महाराष्ट्राच्या चौपटीहून मोठा, पण लोकसंख्या जेमतेम अडीच लाखांच्या आसपास. दूरवरच्या वस्त्यांत घरोघरी वार्लपिरी, पिटजंटजारा, योल्ङू अशा भाषा बोलल्या जातात. इंग्रजी कानावर पडते ती शाळेत, दवाखान्यात किंवा दुकानात. काही मिशनशाळांचा अपवाद सोडला तर शिक्षण मात्र सरसकट इंग्रजीतच होते. डिसेंबर 1972 मध्ये व्हिटलम सरकार आले आणि 1973 मध्ये पाच शाळांत द्विभाषिक शिक्षण सुरू झाले.

त्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. मूल आधी स्वभाषेत वाचायला-लिहायला शिकते. इंग्रजी सुरुवातीला फक्त तोंडी. इयत्तेगणिक इंग्रजीचा वाटा वाढत जातो. यासाठी वर्गात दोघे लागतात : बाहेरून आलेला प्रशिक्षित शिक्षक आणि वस्तीतलाच एक शिक्षक. सोबतीला भाषा जाणणारा मार्गदर्शक आणि पुस्तके तयार करणारे छोटे केंद्र. गावातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेल्या शिकारीच्या, पाणवठ्यांच्या, पूर्वजांच्या गोष्टी तिथे लिहिल्या, चितारल्या आणि छापल्या गेल्या. अशी हजारो पुस्तके आज चार्ल्स डार्विन विद्यापीठाच्या डिजिटल संग्रहात जतन केलेली आहेत.

वस्तीतल्या शिक्षकाचे काम केवळ दुभाष्याचे नाही. वार्लपिरी समाजात प्रत्येक माणूस आठ नातेगटांपैकी एकात जन्मतो. बाहेरून आलेल्या शिक्षिकेलाही असा गट दिला जातो आणि ती कुणाची बहीण, कुणाची आत्या होते. सासू-जावयाच्या नात्यातली माणसे एकमेकांशी थेट बोलत नाहीत. मृताचे नाव उच्चारले जात नाही; त्याच्याशी मिळतेजुळते नावही काही काळ टाळतात. कुणाला कुणाशेजारी बसवायचे, कोणते पुस्तक आज मिटून ठेवायचे, हे वस्तीतल्या शिक्षकालाच उमगते.

आर्नहेम लँडमधील यिरकलाने या विचाराला तात्त्विक बैठक दिली. खाणीविरुद्ध 1963 मध्ये झाडाच्या सालीवर आपल्या भाषेत आणि इंग्रजीत अर्ज लिहून संसदेला पाठवणारे गाव हेच. तिथल्या शाळेचे योल्ङू मुख्याध्यापक डॉ. एम. युनुपिंगू हे ‘योथू यिंदी’ या गाजलेल्या वाद्यवृंदाचे गायकही होते. 2013 मध्ये ते वारल्यावर रूढीला मान देऊन वृत्तपत्रांनी त्यांचे पहिले नाव छापणे टाळले, मीही टाळतो. योल्ङू शिक्षकांनी शिक्षणाला ‘गन्मा’ची उपमा दिली : समुद्राचे खारे पाणी आणि जमिनीवरून येणारे गोडे पाणी जिथे भेटते ती जागा. दोन्ही प्रवाह मिसळतात, पण कुणी कुणाला गिळत नाही.

सरकारला मात्र हे दीर्घकाळ मानवले नाही. 1998 च्या अखेरीस कार्यक्रम गुंडाळण्याची घोषणा झाली. विरोधानंतर तो ‘दुतर्फा शिक्षण’ या नावाने काही ठिकाणी टिकला. 2008 मध्ये देशभर इंग्रजीतून सामायिक चाचण्या सुरू झाल्या, दूरच्या शाळांचे निकाल वाईट लागले आणि त्याच वर्षी फर्मान निघाले : रोजचे पहिले चार तास फक्त इंग्रजीचे. मातृभाषेच्या वाट्याला उरली ती उकाड्याची, पेंगुळलेली दुपार.

खापर फुटले ते मातृभाषेवर. पण अनियमित हजेरी, कानाच्या जुनाट दुखण्याने आलेला बहिरेपणा, दर एक-दोन वर्षांनी बदलून जाणारे शिक्षक ही दुखणी इंग्रजीतूनच शिकवणाऱ्या दूरच्या शाळांतही होती. माझ्या मते कच्चा दुवा वेगळाच होता. बाहेरचा शिक्षक बदलून गेला तरी वर्ग चालू ठेवणारा वस्तीतला शिक्षक घडवायला अनेक वर्षे लागतात, आणि तेवढा काळ धोरण एका जागी थांबले नाही.

यिरकलाच्या शाळेने आपली वाट सोडली नाही. 2020 मध्ये तिथल्या आठ विद्यार्थ्यांनी विद्यापीठ प्रवेशासाठी लागणारे गुण मिळवून बारावी पूर्ण केली. त्या गावात हे प्रथमच घडले, आणि ही मुले स्वभाषा व इंग्रजी दोन्हींत शिकलेली होती. आठ हा आकडा लहान आहे. पण त्यामागे 1970 च्या दशकापासून राबणाऱ्या स्थानिक शिक्षकांच्या पिढ्या उभ्या आहेत.

धारणीच्या त्या मावशींना कोरकू आणि मराठी दोन्ही येत होत्या. मुलाच्या घरचे नातेगोतेही त्यांना ठाऊक होते. त्यांची नेमणूक मात्र फक्त खिचडीसाठी होती.